माप तेच, दारू वेगळी

मागच्या दिवाळीत पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तो टेक्सासला नोकरीला असतो. फराळाचं, घरच्यांचं बोलून झालं आणि म्हणाला, "काका, थांबा, तुम्हाला एक गंमत दाखवतो." गाडी लावायच्या खोलीत जाड फळ्यांचं टेबल होतं आणि त्यावर बोल्टनं आवळलेलं एक लोखंडी यंत्र. बाजूला लांब दांडा. भोसरीच्या शेडमध्ये मी वीस वर्षं हँडप्रेस ओढला, त्यामुळं बघताक्षणी ओळखीचं वाटलं. पण हा प्रेस पत्र्याचे वायसर पाडायचा नव्हता, पिस्तुलाची काडतुसं भरायचा होता.

पोरानं समजावून सांगितलं. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी फुटते. पितळेची पुंगळी तेवढी राहते. काडतुसात महागाची वस्तू तीच. ती प्रेसमध्ये धरायची, दांडा ओढायचा. जुनी टोपी निघते, फुगलेली पुंगळी परत मापात येते. मग नवी टोपी, दारू आणि वर शिशाची गोळी. तिथं स्वतःपुरती काडतुसं घरी भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. शनिवारी भरायची, रविवारी चांदमारीला जायचं.

तो बोलत होता, पण मला आबांचा डावा अंगठा दिसत होता. म्हणजे, नसलेला.

रावेत तेव्हा पवनेकाठचं साधं गाव. बाजरी, ऊस, थोडा भाजीपाला. रात्री रानडुकरं शिरली की सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसायचं. राखणीसाठी आबांकडे परवान्याची बंदूक होती. आधी ठासणीची, मग एकनळी बारा बोअर. निवडणूक लागली की ती चौकीत जमा करायची, निकालानंतर आणायची. बाराबोअरच्या पितळी पुंगळ्या आबा घरीच भरायचे. टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचं एक ओतीव हत्यार होतं, त्यानं टोपी काढायची आणि बसवायची. दारूला पितळेचं छोटं माप, मग जाड पुठ्ठ्याची चकती, छर्रे, वर परत चकती. आजीचा नियम एकच, चुलीत जाळ असेपर्यंत पेटी उघडायची नाही. परवाना बंदुकीचा होता. काडतुसं भरायचा वेगळा परवाना आबांकडे नव्हता. तसा तो असतो, हेच आमच्या गावाला माहीत नव्हतं.

एका साली काळी दारू मिळेना. कुणीतरी ओळखीनं बिनधुराची दारू आणून दिली. आबांनी नेहमीचंच माप लावलं. माप तेच, दारू वेगळी. बिनधुराची दारू तेवढ्याच मापात कितीतरी जास्त जोर करते. त्या रात्री माळ्यावरून बार काढला आणि नळी चापाच्या पुढं फाटली. डुक्कर गेलं पळून. आबांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं, जीव वाचला, अंगठा अर्धा गेला.

आमच्या मुलखात काडतूस भरणाऱ्या हाताची गोष्ट फार जुनी आहे. १८५७ साली शिपायांचं काडतूस कागदाचं होतं. दातानं फाडून दारू नळीत ओतायची. त्यावरची चरबी गाईची की डुकराची, यावरून काय भडका उडाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर इंग्रजानं दोन गोष्टी केल्या. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना काढला आणि १८७८ मध्ये शस्त्रकायदा आणला. काडतूस सरकारच्या भिंतीआड गेलं आणि बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायची बंदी झाली. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट.

तरी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली ती आमच्या शेजारच्या चिंचवडच्या चापेकरांनीच. पुढं १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीनकडून पाठवली आणि त्यांतल्याच एकानं अनंत कान्हेऱ्यांनी नाशकात जॅक्सनला मारलं. कायदा भीतीपोटी केला होता आणि ती भीती खोटी नव्हती.

स्वातंत्र्य आलं, पण परवाना गेला नाही. १९५९ च्या कायद्यानंही परवान्याशिवाय शस्त्र आणि दारूगोळा बनवायला मनाई केली. लहानपणी मला वाटायचं, इंग्रजाची सवय आपण का ठेवली? मोठेपणी वाटलं, राज्यकर्त्याची भीती हे एक कारण आणि आबांचा अंगठा हे दुसरं. दुसरं कारण कुठल्या इतिहासात लिहीत नाहीत.

आमचे दादा पुढं खडकीच्या कारखान्यात लागले. काडीपेटी, विडी दारातच ठेवून आत जायचं. ते म्हणायचे, "आबा मापानं भरायचे, आम्ही काट्यावर भरतो. माप जागा सांगतं, वजन काटाच सांगतो." आबा हे ऐकून गप्प बसायचे. त्यांनी ते हत्यार भंगारात दिलं आणि मरेपर्यंत पुण्यातून विकतची काडतुसं आणली. परवान्यावर नोंद करून, मोजून.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. पिस्तुलाचं तर आणखी अवघड. नऊ मिलिमीटरच्या काडतुसातला दाब बारा बोअरच्या जवळजवळ तिप्पट असतो आणि पुंगळीत दारू थोडीच लागते, त्यामुळं चुकून दोनदा पडली तरी ती बाहेर सांडत नाही, कळत नाही.

पोरगं थोडा वेळ बोललं नाही. मग म्हणालं, "काका, माझ्याकडं काटा आहे. टेबलावर दारूचा एकच डबा ठेवतो. भरताना फोनसुद्धा बंद असतो."

"आणि डब्यावरची चिठ्ठी?"

"वाचतो."

"रोज वाच. कालच वाचली होती म्हणून आज सोडू नको."

आता रावेतला डुकरं नाहीत. उसाच्या जागी वीस-वीस मजली इमारती आहेत, पवनेवर टोपलीसारखा पूल आहे. बंदूक आबांच्या मागं आम्ही रीतसर जमा केली. पितळेची एक रिकामी पुंगळी तेवढी माझ्या टेबलावर आहे, तिच्यात पेन उभं राहतं. त्याच पेनानं हे लिहिलं.