स्टर्लिंग ब्राउन आणि आपली बोली

मागं एका संपादकानं माझी कविता परत पाठवली. सोबत चिठ्ठी : 'आशय चांगला आहे, भाषा सुधारा.' कवितेत माझी आई बोलत होती. तिची भाषा सुधारायची म्हणजे तिलाच कवितेतून हाकलायचं. रात्रपाळी करून आलो की ती चिठ्ठी काढायचो, वाचायचो आणि डोकं उठायचं.

त्याच दिवसांत स्टर्लिंग ब्राउन या काळ्या अमेरिकन कवी-समीक्षकाची माहिती हाती लागली. मित्रांनो, हा इतिहास आपल्या कामाचा आहे म्हणून सांगतो.

जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या लोकांना. ब्राउनचा बाप त्याच गुलामीत जन्मलेला. सुटल्यावर तो शिकला, पाद्री झाला, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवू लागला. त्याच्या घरी १९०१ साली स्टर्लिंग जन्मला. तारीख १ मे, कामगार दिन. पोरगा हुशार निघाला. विल्यम्स कॉलेज केलं, १९२३ ला हार्वर्डचा एम. ए. झाला.

एवढं शिकलेला माणूस पुढं काय करतो ते आपण वस्तीत बघतोच. ब्राउन उलटा गेला. दक्षिणेतल्या व्हर्जिनियात, लिंचबर्ग गावी, काळ्यांच्या लहानशा कॉलेजात तीन वर्षं मास्तरकी केली आणि तिथं स्वतःच शिकला. शेतावर राबणारी माणसं, विद्यार्थ्यांच्या आया, गिटार वाजवत हिंडणारा बिग बॉय डेव्हिस. हार्वर्डनंतरचे त्याचे गुरू हे.

तेव्हा काळ्यांच्या बोलीबद्दल वाईट मत कुणाचं होतं? नुसतं गोऱ्यांचं नव्हे. जेम्स वेल्डन जॉन्सन हा मोठा काळा कवी. त्यानं १९२२ साली लिहिलं की बोलीतल्या कवितेतून दोनच सूर निघतात, हसवणं नाहीतर रडवणं. त्याचंही साफ चूक नव्हतं. गोऱ्यांनी ती बोली तमाशातल्या सोंगाड्यासारखी वापरून पार नासवली होती. पण नासवली कुणी आणि टाकून द्यायची कुणी?

ब्राउननं वाद घातला नाही. १९३२ साली 'सदर्न रोड' हा कवितासंग्रह काढला. त्याच नावाच्या कवितेत बेड्या घातलेला कैदी रस्त्याच्या कामावर घण मारतो आणि प्रत्येक घावाबरोबर छातीतून निघणारा हुंकार ओळीत येतो. आपले हमाल ओझं उचलताना आवाज काढतात ना, तसा. तिथं ना हसू, ना रडगाणं. कष्ट आहेत आणि कष्टाच्या पोटात राग आहे. त्याचा स्लिम ग्रीअर अटलांटाला जातो. तिथं कायदा असा की काळ्यानं उघड्यावर हसायचं नाही, टेलिफोनच्या खोक्यात शिरून हसायचं. बाहेर ही लांब रांग! वाचून हसू येतं, मग लाज वाटते, मग मुठी वळतात. या संग्रहाला प्रस्तावना कुणी लिहिली? त्याच जॉन्सननं.

पण ब्राउनला कळलं होतं की नुसत्या कवितेनं भागत नाही. आपल्याबद्दल दुसरे काय लिहितात त्याचा हिशेब आपणच ठेवला पाहिजे. १९३३ साली त्यानं गोऱ्या लेखकांच्या पुस्तकांतले काळे लोक तपासले आणि सात साचे काढून दाखवले. सुखी गुलाम, सुटल्यावर वाया गेलेला, विदूषक, पशू, असे. हे साचे गंमत म्हणून नव्हते. गुलाम सुखी दाखवला की गुलामी बरी ठरते. काळा माणूस पशू दाखवला की त्याला झाडाला टांगणं न्याय ठरतं. कथा-कादंबऱ्या फासाचा दोर वळत होत्या. समीक्षा कशाला पाहिजे म्हणणाऱ्या आपल्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं.

१९३६ ते १९४० तो सरकारच्या लेखक-योजनेत काळ्यांसंबंधीच्या लिखाणाचा संपादक होता. त्या काळात गुलामीतून सुटलेल्या दोन हजारांवर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. उच्चार वेडेवाकडे लिहून सोंग करू नका, बोलण्यातलं खरं वळण पकडा, असं त्याचं सांगणं.

आता कडू भाग. त्याचा दुसरा कवितासंग्रह प्रकाशकांनी नाकारला. पुढचा संग्रह यायला १९७५ साल उजाडलं. मधे ४३ वर्षं! काहीजण म्हणतात, मास्तरकीत त्यानं कसर भरून काढली. मला हे पटत नाही. न छापलेल्या कवितांची भरपाई कशानं होत नाही.

तरी मास्तरकी वाया गेली नाही हेही खरं. १९२९ ते १९६९ तो हॉवर्डमध्ये शिकवत होता. जॅझ आणि ब्लूज अभ्यासक्रमात नव्हतं, तर ते तासाबाहेर शिकवलं. ऐकणाऱ्या पोरांत लीरॉय जोन्स होता, म्हणजे पुढचा अमिरी बराका. त्यानं १९६३ साली 'ब्लूज पीपल' लिहिलं. टोनी मॉरिसन त्याची विद्यार्थिनी. स्टोकली कारमायकल त्याचा विद्यार्थी. याच कारमायकलनं अलाबामातल्या लाउंड्स परगण्यात जो पक्ष उभारला त्याचं चिन्ह काळा पँथर. ते १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथरवाल्यांनी उचललं आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणजे त्या मास्तराच्या वर्गातून निघालेली एक पायवाट आपल्या वस्तीपर्यंत येते.

आणि १९७५ चं ते पुस्तक काढलं कुणी? डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेसनं. ती १९६५ साली डडली रँडलनं सुरू केली, सुरुवातीला एका कागदावर एक कविता छापून. हा रँडल स्वतः कवी आणि तरुणपणी फोर्डच्या ओतशाळेत कामगार. बड्या प्रकाशकांनी दार लावलं होतं, ते एका कामगार कवीनं उघडलं. मग १९८० ला ब्राउनच्या समग्र कविता आल्या, १९८४ ला वॉशिंग्टननं त्याला आपला राजकवी केलं. १९८९ साली तो वारला.

मित्रांनो, शाईनं हात काळे करून आपण हा अंक काढतो तो कशासाठी, याचं उत्तर मला इथं मिळालं. आपल्या कुणाला ४३ वर्षं थांबायला लागू नये.

ती चिठ्ठी मी फाडलेली नाही, हिशेबाला ठेवलीय. आणि कविता? बदललेली नाही. आई बोलते तशीच आहे.