क्षणाचे मोजमाप : झोझेफ प्लातो, साबणाचे पटल आणि चलच्चित्र

इंग्रजी भाषेतील ‘फिल्म’ या शब्दाचा मूळ अर्थ पातळ त्वचा किंवा पापुद्रा असा आहे. दुधावरची साय, पाण्यावरचा तेलाचा तवंग, साबणाच्या फुग्याची भिंत ही सारी त्या अर्थाने ‘फिल्म’च होत. छायाचित्रणासाठी सेल्युलॉइडच्या पट्टीवर रासायनिक द्रव्याचा पातळ थर चढवण्यात येऊ लागला, तेव्हा त्या पट्टीलाही हेच नाव मिळाले आणि पुढे पट्टीचे नाव तिच्यावरील चित्रकथेला लागले. मराठीत ‘चित्रपट’ हा शब्द रूढ झाला. डोळ्याच्या आतील ज्या पडद्यावर बाह्य जगाची प्रतिमा उमटते त्याला मराठीत ‘दृष्टिपटल’ म्हणतात आणि पदार्थविज्ञानात अत्यंत पातळ थराला ‘तनुपटल’. पट आणि पटल यांचे हे साहचर्य केवळ शब्दांपुरते नाही. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये होऊन गेलेल्या एका शास्त्रज्ञाच्या आयुष्यात दृष्टिपटल, साबणाचे पटल आणि चलच्चित्र ही तिन्ही एकत्र आली होती. त्यांचे नाव झोझेफ प्लातो. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याच्याशी असलेल्या नामसादृश्यामुळे, आणि त्याहून अधिक त्यांच्या विषयांच्या साधेपणामुळे, हे नाव सामान्य वाचकाच्या परिचयाचे झाले नाही.

प्लातो यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८०१ रोजी ब्रुसेल्स येथे झाला. वडील फुलांची चित्रे काढणारे चित्रकार होते. मुलानेही हीच कला पुढे चालवावी अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी मुलाला चित्रशाळेत घालण्यातही आले होते. तथापि चौदाव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपले व मुलाचा ओढा विज्ञानाकडे वळला. १८२९ मध्ये लिएज विद्यापीठाला त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता प्रकाशामुळे डोळ्यावर होणारे संस्कार. जळते कोलीत अंधारात वेगाने फिरवले की अग्नीचे वर्तुळ दिसते, हा अनुभव सर्व देशांतील मुलांना असतो. कोलीत एका वेळी एकाच ठिकाणी असते. परंतु मागल्या ठिकाणाचा ठसा पुसण्याआधी पुढचा उमटतो. हा ठसा नेमका किती काळ टिकतो, असा प्रश्न प्लातो यांनी विचारला. रंगीत कागदाचे तुकडे लावलेल्या चकत्या फिरवून त्यांनी तो काळ मोजला. त्यांना मिळालेले उत्तर सरासरीने एका सेकंदाचा तिसरा हिस्सा असे होते.

याच अभ्यासातून १८३२ च्या अखेरीस एका खेळण्याचा जन्म झाला. पुठ्ठ्याच्या चकतीवर कडेने सोळा आकृती काढलेल्या. प्रत्येक आकृती मागच्या आकृतीहून किंचित वेगळी, म्हणजे नर्तकाने पाय थोडा अधिक वळवलेला, एवढाच फरक. आकृतींच्या संख्येइतक्याच फटी कडेला कापलेल्या. चकती आरशासमोर धरून फिरवायची आणि फटींतून आरशातील प्रतिबिंब पाहायचे. फट डोळ्यासमोरून जाते त्या निमिषापुरते एक चित्र दिसते, पुठ्ठा आड येतो, पुन्हा फट येते आणि तोवर त्याच जागी पुढचे चित्र आलेले असते. फटी नसत्या तर नुसता रंगांचा गोंधळ दिसला असता. फटी असल्यामुळे नर्तक गिरकी घेऊ लागतो. पुढे या साधनाला ‘फेनाकिस्टिस्कोप’ असे नाव पडले. ग्रीक भाषेतील ‘फसवणारा’ या अर्थाच्या शब्दावरून ते घेतलेले आहे. मायकेल फॅरेडे यांनी फिरत्या चाकांच्या दृष्टिभ्रमावर १८३१ मध्ये निबंध लिहिला होता. प्लातो यांचे प्रयोग त्याच्याही आधी सुरू झालेले होते. त्याच सुमारास व्हिएन्ना येथे सिमोन स्टाम्पफर यांनी स्वतंत्रपणे असेच साधन तयार केले. तेव्हा शोधाचे श्रेय दोघांनाही देणे न्याय्य ठरते. १८३३ मध्ये लंडनच्या बाजारात या चकत्या विक्रीला आल्या आणि घरोघरी मुलांची करमणूक करू लागल्या.

चित्रपटाच्या यंत्राचे मूलतत्त्व या खेळण्यात सिद्ध झालेले होते. गती अखंड दाखवायची असेल तर ती आधी तोडावी लागते आणि दोन तुकड्यांच्या मध्ये अंधार ठेवावा लागतो, हे ते तत्त्व होय. बोलपटाच्या काळात सेकंदाला २४ चित्रे हा दंडक झाला. प्रक्षेपकातील फिरती झडप प्रत्येक चित्र निदान दोनदा उघडून झाकत असे, ती प्लातो यांच्या फटीचीच वंशज होय. मात्र एक दुरुस्ती येथे नोंदवली पाहिजे. हा सारा परिणाम दृष्टिपटलावर रेंगाळणाऱ्या ठशामुळे घडतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर हे स्पष्टीकरण अपुरे ठरले. ठसा रेंगाळण्याने फार तर चित्रे एकमेकांत मिसळतील; त्यांच्यामधून गतीचा प्रत्यय घडवण्याचे काम मेंदू करतो. स्पष्टीकरण बदलले, तरी प्लातो यांचे यंत्र आणि त्यांची मोजण्याची दृष्टी अबाधित राहिली.

१८३५ मध्ये प्लातो गेन्ट विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्यावर आघात झाला. १८४१ मध्ये डोळ्यांना दाह सुरू झाला आणि १८४३ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. १८२९ मध्ये त्यांनी प्रयोगासाठी पंचवीस सेकंद माध्यान्हीच्या सूर्याकडे टक लावून पाहिले होते आणि त्यानंतर काही दिवस त्यांना दिसेनासे झाले होते. त्यावरून, विज्ञानासाठी त्यांनी डोळे गमावले अशी कथा रूढ झाली. कथा उदात्त आहे. परंतु सूर्यदर्शन आणि अंधत्व यांच्यामध्ये बारा-चौदा वर्षांचे अंतर आहे. नंतरच्या वैद्यकीय अभ्यासकांचा कल डोळ्याच्या आतील भागाला होणाऱ्या दीर्घकालीन दाहाकडे आहे. प्लातो यांची थोरवी सिद्ध करण्यासाठी त्या दंतकथेची गरजही नाही. दृष्टी गेल्यानंतर त्यांनी चाळीस वर्षे संशोधन केले आणि त्यांचे सर्वांत मोठे काम याच काळातले आहे.

आरंभ तेलाच्या थेंबापासून झाला. पाणी आणि मद्यार्क यांचे मिश्रण तेलाइतक्याच घनतेचे केले की त्यात सोडलेले तेल ना बुडत ना तरंगत. ते पूर्ण गोलाकार होऊन अधांतरी राहते. वजनाचा प्रभाव असा निष्फळ झाल्यावर द्रवाला आकार देणारे एकच बल उरते, ते म्हणजे पृष्ठताण. तेलाचा गोळा फिरवला की तो ध्रुवांशी चपटा होई आणि वेग वाढवला की त्याचे कडे बनून बाजूला होई. पुढे प्लातो साबणाच्या पटलांकडे वळले. साबणाच्या पाण्यात ग्लिसरीन मिसळून त्यांनी असे मिश्रण तयार केले की एरवी क्षणात फुटणारे पटल कित्येक तास टिकू लागले. तारेचे निरनिराळे सांगाडे त्यात बुडवून बाहेर काढायचे आणि पटले कोणता आकार धारण करतात ते पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. घनाकृती सांगाडा बाहेर काढला तर सहा बाजूंना सहा पडदे दिसतील अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात बारा कडांपासून निघालेली पटले आत झुकतात आणि मध्यभागी एका लहानशा चौकोनी पडद्याला येऊन मिळतात. साबणाचे पटल नेहमी आपले क्षेत्रफळ आकसू पाहते आणि कमीत कमी क्षेत्रफळाकडे नेणारी ही रचना त्याला आपोआप साधते.

अशा असंख्य निरीक्षणांतून प्लातो यांनी जे नियम काढले, ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. एका कडेवर तीनच पटले एकत्र येतात आणि त्यांच्यात १२० अंशांचा कोन असतो. एका बिंदूत अशा चारच कडा मिळतात आणि त्यांच्यात सुमारे १०९.५ अंशांचा कोन असतो. फेसाचा कोणताही पुंजका घेतला तरी तो स्थिर झाल्यावर हेच आढळते. हे सारे त्यांनी १८७३ मध्ये दोन खंडांच्या ग्रंथात मांडले. गणिताने याची सिद्धता देण्यास पुढे शंभरहून अधिक वर्षे घेतली. दिलेल्या तारेच्या कडेवर लघुतम क्षेत्रफळाचे पृष्ठ असतेच काय, या प्रश्नाला ‘प्लातोचा प्रश्न’ असे नाव पडले. जेसी डग्लस आणि टिबोर राडो यांनी १९३० च्या सुमारास तो स्वतंत्रपणे सोडवला व १९३६ मध्ये डग्लस यांना फील्ड्स पदक मिळाले. पटलांच्या कोनांविषयीच्या नियमांची सिद्धता जीन टेलर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. म्युनिक येथील १९७२ च्या ऑलिंपिक क्रीडागाराच्या तंबूसारख्या छपराची कल्पना रचताना फ्राय ओटो यांनी साबणपटलांच्या प्रतिकृतींचाच आधार घेतला होता.

हे सर्व ज्यांनी शोधले त्यांना यातील एकही पटल दिसले नाही. सांगाडे बुडवण्याचे व पाहण्याचे काम सहकारी, पुत्र फेलिक्स आणि जावई व्हान डेर मेन्सब्रुग हे करीत. ते जे दिसे ते शब्दांत सांगत. प्लातो प्रश्न विचारीत, मनात आकृती उभी करीत, पुढचा प्रयोग ठरवीत आणि मजकूर तोंडी सांगून लिहून घेत. सांगणाऱ्याने अचूक सांगावे आणि ऐकणाऱ्याने नेमके विचारावे, या शिस्तीवर त्यांचे संशोधन उभे राहिले. पटलावरील इंद्रधनुषी रंगांचा विचार त्यांच्या आधी रॉबर्ट हूक आणि न्यूटन यांनी केला होता आणि १८०१ मध्ये, म्हणजे प्लातो यांच्या जन्मवर्षीच, थॉमस यंग यांनी त्या रंगांचे कारण सांगितले होते. पटलाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून प्रकाश परततो; दोन्ही लहरींचा मेळ बसला तर तो रंग उजळतो, विरोध झाला तर मावळतो. पटल निथळत अतिशय पातळ झाले की सर्वच रंग मावळतात आणि ते काळे दिसते. फुटण्याची वेळ जवळ आल्याची ती खूण असते.

तनुपटलाचे हेच तत्त्व पुढे चित्रपटाच्या उपयोगाला आले. काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत जातो. बारा पृष्ठांच्या भिंगसंचातून त्यामुळे जेमतेम साठ टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो. १९३५ मध्ये जर्मनीत आलेक्सांडर स्माकुला यांनी आणि १९३८ मध्ये अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढा पातळ लेप चढवून हा परावर्तित प्रकाश नाहीसा करण्याच्या रीती शोधल्या. कॅमेऱ्याच्या भिंगावर जांभळट झाक दिसते ती अशाच लेपाची. साबणाच्या पटलाला काळे करणारे व्यतिकरण भिंगाला अधिक पारदर्शक करते.

मराठी समाजाचा या इतिहासाशी संबंध उशिरा, पण जवळचा आला. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर जलद पालटून त्यांत हालचाल भासवली जाई. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कॅमेरा आणल्यावर प्रथम कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली. कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत दिसली, तेव्हा भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. प्लातो यांच्या चकतीत जे तुकडे नर्तकाच्या गिरकीचे होते, ते येथे अंकुराच्या वाढीचे झाले.

३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज दोनच उपलब्ध आहेत आणि तीही मूळ चित्रपटाची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही. नायट्रेटची पट्टी ज्वालाग्राही असते आणि सांभाळून ठेवली तरी काळाने कुजते. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि तेथील पी. के. नायर यांनी जे मिळाले ते जपले, परंतु मूकपटांचा फार मोठा भाग तोवर नष्ट झालेला होता.

पाण्यावरचा बुडबुडा हे आपल्याकडे नश्वरतेचे प्रतीक मानले गेले आहे आणि त्यापासून वैराग्याचा बोध घेतला जातो. प्लातो यांनी त्याच बुडबुड्याला अधिक काळ टिकवले, मोजले आणि त्याची नोंद करून ठेवली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी गेन्ट येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसमधील पहिला सार्वजनिक चित्रपट खेळ त्यानंतर बारा वर्षांनी, २८ डिसेंबर १८९५ रोजी झाला. तो पाहण्यास ते जगले असते तरी पाहू शकले नसते. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी आणखी एक काम पुरे केले. दृष्टीच्या भ्रमांविषयी प्राचीन काळापासून जे जे लिहिले गेले, त्याची सटीप ग्रंथसूची त्यांनी सिद्ध केली आणि १८७७ पासून ती प्रसिद्ध होऊ लागली. दुसऱ्यांकडून पुस्तके वाचून घेत एका अंध माणसाने दृष्टीविषयीच्या ग्रंथांची ही सूची रचली. पटले फुटली, चकत्या विरल्या. ती सूची मात्र ग्रंथालयांच्या कपाटांत राहिली आणि पुढच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडली.