महाराष्ट्रातील मोफत सार्वजनिक वाय-फाय

मोफत सार्वजनिक वाय-फाय म्हणजे रेल्वे स्थानक, विमानतळ, चौक, ग्रामपंचायत कार्यालय अशा सर्वांना खुल्या असलेल्या ठिकाणी, ठरावीक वेळेपुरती वा ठरावीक डेटापुरती विनाशुल्क मिळणारी बिनतारी इंटरनेट जोडणी होय. अशी सुविधा देणाऱ्या जागेस 'हॉटस्पॉट' म्हणतात. महाराष्ट्रात ही सुविधा मोठ्या प्रमाणावर २०१६ पासून उपलब्ध झाली. ती मुख्यतः तीन मार्गांनी पोहोचते: रेल्वेच्या प्रकाशीय तंतूंच्या जाळ्यावरून स्थानकांमध्ये, राज्य शासन व महानगरपालिकांच्या योजनांमधून शहरांतील चौकांमध्ये आणि भारतनेट प्रकल्पातून ग्रामपंचायतींमध्ये. त्यामुळे मोफत वाय-फाय कोठे मिळेल, हे बहुतांशी जमिनीखालून केबल कोठवर आली आहे यावर ठरते. गावाची लोकसंख्या वा गरज यांचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

कार्यपद्धती

हॉटस्पॉटवरील प्रवेशबिंदू २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झ या कंप्रतापट्ट्यांत संदेश प्रसारित करतो. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झ पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्‌झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. एका प्रवेशबिंदूचा उपयुक्त पल्ला साधारणतः काही दशक मीटर इतकाच असतो. भिंती, पत्रे आणि गर्दी यांमुळे तो आणखी घटतो. म्हणूनच स्थानकाच्या मध्यभागी चांगली चालणारी जोडणी फलाटाच्या टोकाला तुटते.

वापरकर्त्याने जाळे निवडल्यावर लगेच इंटरनेट सुरू होत नाही. आधी एक प्रवेशपृष्ठ उघडते, त्यावर मोबाइल क्रमांक द्यावा लागतो आणि लघुसंदेशाने आलेला एकवेळचा संकेतांक (ओटीपी) भरल्यावर जोडणी खुली होते. हे पृष्ठ आपोआप न उघडल्यास ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ उघडण्याचा प्रयत्न केल्यावर ते बहुधा समोर येते. मोबाइलचा मोफत पल्ला संपलेला असला तरी लघुसंदेश येण्याइतके नेटवर्क मात्र लागतेच. जेथे मोबाइलचे नेटवर्क मुळीच नाही, तेथे अशा वाय-फायचा उपयोग होऊ शकत नाही. ज्या भागाला या सुविधेची सर्वाधिक गरज असते, तेथेच ही अडचण येते.

ओळख पटवण्याचे बंधन

ओटीपीच्या सक्तीमागे महाराष्ट्रातील घटनांचा मोठा वाटा आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल पाठवण्यात आला होता. नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरातील संकेतशब्द नसलेल्या वाय-फायचा गैरवापर करून तो पाठवल्याचे तपासात आढळले. त्यानंतर ऑगस्टमध्ये मुंबईतील माटुंगा येथील एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमधील दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूर येथील एका कार्यालयाच्या वाय-फायचा असाच वापर झाला. जोडणीच्या मालकांचा या कृत्यांशी संबंध नव्हता, पण चौकशी प्रथम त्यांच्या दारात पोहोचली.

या पार्श्वभूमीवर दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये वाय-फायच्या सुरक्षित वापराविषयी सूचना काढल्या. त्यांनुसार सार्वजनिक ठिकाणी वापरकर्त्याच्या छायाचित्र-ओळखपत्राची प्रत ठेवणे किंवा मोबाइलवर संकेतशब्द पाठवून त्याची नोंद राखणे बंधनकारक झाले. चहाच्या दुकानदाराने गिऱ्हाइकांसाठी आपले वाय-फाय सहज खुले ठेवावे, अशी पद्धत भारतात रुजली नाही याचे हे एक प्रमुख कारण होय. भारतीय सिमकार्ड नसलेल्या परदेशी प्रवाशांची यामुळे गैरसोय होते. काही विमानतळांवर त्यासाठी पारपत्र दाखवून संकेतांक मिळवण्याची वेगळी सोय असते.

रेल्वे स्थानके

रेलटेल ही रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतील कंपनी सप्टेंबर २००० मध्ये स्थापन झाली. लोहमार्गालगत टाकलेल्या प्रकाशीय तंतूंचे देशव्यापी जाळे तिच्याकडे आहे. या जाळ्यावर गूगलच्या साहाय्याने स्थानकांमध्ये मोफत वाय-फाय देण्याची घोषणा सप्टेंबर २०१५ मध्ये झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल हे ही सुविधा मिळालेले पहिले स्थानक ठरले. जून २०१८ मध्ये आसाममधील दिब्रुगढ येथे ४०० स्थानकांचे उद्दिष्ट पूर्ण झाले. कोकण रेल्वेचे व्यवस्थापन स्वतंत्र असल्याने तेथे वेगळ्या व्यवस्थेतून २०१७ मध्ये कोलाड ते मडुरे या टप्प्यातील २८ स्थानकांवर वाय-फाय देण्यात आले.

फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने हा उपक्रम टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचे जाहीर केले. मोबाइल डेटा स्वस्त झाल्याने त्याची गरज कमी झाली, असे कारण देण्यात आले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटाचे दर झपाट्याने कोसळले होते, त्यामुळे हे कारण निराधार नव्हते. स्थानकांवरील सेवा मात्र थांबली नाही. रेलटेलने ती 'रेलवायर' या नावाने पुढे चालू ठेवली आणि छोट्या स्थानकांपर्यंत नेली. मे २०२१ मध्ये झारखंडमधील हजारीबाग हे असे ६,००० वे स्थानक ठरले. थांबे वगळता देशातील बहुतेक सर्व स्थानके आता तिच्या कक्षेत आहेत.

रेलवायरवर दररोज पहिली ३० मिनिटे १ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने विनामूल्य मिळतात. या वेगाने अर्ध्या तासात, जोडणी अखंड राहिली तरी, जास्तीत जास्त सुमारे २२५ मेगाबाइट डेटा उतरवता येतो. परीक्षेचा अर्ज भरणे, प्रवेशपत्र उतरवून घेणे किंवा काही प्रश्नपत्रिका जतन करणे यासाठी तो पुरेसा आहे. चित्रफितींद्वारे अभ्यास करणाऱ्यास मात्र तो अपुरा पडतो. मार्च २०२१ पासून अधिक वापरासाठी सशुल्क योजना सुरू झाल्या, त्यांत प्रारंभी १० रुपयांत एका दिवसासाठी ५ गिगाबाइट डेटा ३४ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने देण्यात येत होता.

स्थानकावरील वाय-फायचा अभ्यासासाठी झालेला सर्वांत प्रसिद्ध उपयोग केरळमधील आहे. एर्नाकुलम स्थानकावर हमाली करणाऱ्या एका तरुणाने सामान वाहताना कानात ध्वनिमुद्रित धडे ऐकून राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा २०१८ मध्ये उत्तीर्ण केली, ही बातमी देशभर गाजली.

शहरांतील योजना

महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१७ मध्ये 'मुंबई वाय-फाय' ही सेवा ५०० हॉटस्पॉटांसह सुरू केली. १ मे २०१७ पर्यंत ही संख्या १,२०० वर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले होते. पुण्यात स्मार्ट सिटी योजनेअंतर्गत २०१८ मध्ये उद्याने, रुग्णालये, पोलीस ठाणी, महापालिकेची कार्यालये अशा ठिकाणी गूगल स्टेशनद्वारे वाय-फाय देण्यात आले. गूगलच्या माघारीचा परिणाम तेथेही झाला.

अशा योजनांचा आरंभ समारंभपूर्वक होतो. देखभालीचा खर्च मात्र कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हा प्रश्न पुढे उरतो. त्यामुळे खांबावरचा फलक शाबूत आणि जोडणी बंद, ही स्थिती अनेक शहरांत आढळते. जुन्या याद्या महाजालावर तशाच राहत असल्याने एखाद्या यादीत नाव असणे हा हॉटस्पॉट चालू असल्याचा पुरावा मानता येत नाही.

वाय-फाय आणि इंटरनेट या दोन गोष्टी एकच नाहीत, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. राज्य परिवहन महामंडळाने २०१६-१७ च्या सुमारास एस.टी. गाड्यांमध्ये वाय-फायची सोय केली, तेव्हा अनेक प्रवाशांचा गैरसमज झाला. गाडीतील पेटीत चित्रपट व मालिका आधीच साठवलेल्या होत्या आणि प्रवाशांना वाय-फायद्वारे त्याच पाहता येत. बाहेरच्या जगाशी जोडणी त्यात नव्हती.

ग्रामीण भाग

ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्र शासनाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजुरी दिली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. १ लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने 'महानेट' या नावाने स्वतःची यंत्रणा उभी केली. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली ही केबल तेथील आपले सरकार सेवा केंद्र, शाळा, आरोग्य केंद्र यांना जोडणी देऊ शकते आणि कार्यालयाच्या आवारात वाय-फायही देता येते.

प्रत्यक्षात या जाळ्याचा कमकुवत दुवा त्याच्या रचनेत होता. तालुक्याहून निघालेली केबल एका रेषेत गावोगाव जात असल्याने मध्ये एका ठिकाणी ती तुटली की पुढची सर्व गावे एकदम बंद पडत. रस्तारुंदीकरण आणि पाणीयोजनेचे चर ही तुटण्याची नेहमीची कारणे होत. याशिवाय खंडित वीजपुरवठा, निकामी झालेल्या बॅटऱ्या आणि दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कोणाची याविषयीची अस्पष्टता यांमुळे उपकरणे बसलेली पण बंद असलेली गावे मोठ्या संख्येने राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात, सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या तरतुदीसह, रेषेऐवजी वलयाकार रचना स्वीकारण्यात आली. वलय एका जागी तुटले तरी संदेश उलट बाजूने गावापर्यंत पोहोचू शकतो.

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील गाव या परिस्थितीचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून घेता येते. गावातून लोहमार्ग जात नाही. रेल्वेचे वाय-फाय वापरायचे तर पुणे–मिरज मार्गावरील नीरा किंवा दौंडहून येणाऱ्या फाट्याचे शेवटचे स्थानक बारामती गाठावे लागते आणि तेथवरच्या प्रवासभाड्यात कित्येक दिवसांचा मोबाइल डेटा मिळतो. अर्ध्या तासाच्या मोफत जोडणीसाठी कोणी मुद्दाम तेथे जात नाही. ती सोय उपयोगी पडते ती एरवीच त्या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याला वा प्रवाशाला. बारामती आणि सोमेश्वरनगर येथे महाविद्यालये आहेत, परंतु महाविद्यालयांच्या आवारातील जाळी सामान्यतः त्या त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांपुरती मर्यादित असतात. ती सार्वजनिक वाय-फायमध्ये मोडत नाहीत. अशा गावाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा हॉटस्पॉट म्हणजे ग्रामपंचायतीचा, कारण तो चालत जाण्याच्या अंतरावर असतो. ऊस पट्ट्यात शेतीच्या जलवाहिन्यांसाठी खोदाई सतत चालू असल्याने केबलला धोकाही येथेच अधिक असतो.

कोविड-१९ च्या काळात, २०२० मध्ये, शाळा व महाविद्यालये बंद होऊन शिक्षण दूरस्थ झाले, तेव्हा ही उणीव सर्वांत तीव्रतेने जाणवली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी घरी नेटवर्क नसल्याने भर पावसाळ्यात डोंगरावर झोपडी उभारून तेथे तासिकांना बसत असल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. स्थानके आणि चौक यांतील हॉटस्पॉट टाळेबंदीत उपयोगाचे राहिले नव्हते. सार्वजनिक जागाच बंद होत्या.

पीएम-वाणी

सार्वजनिक वाय-फाय शासनाने स्वतः चालवण्याऐवजी छोट्या दुकानदारांमार्फत चालवावे, अशी शिफारस भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) मार्च २०१७ मध्ये केली. तिच्या आधारे ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी या योजनेस मान्यता दिली. तीत किराणा दुकान, चहाची टपरी, झेरॉक्सचे दुकान असा कोणीही 'पब्लिक डेटा ऑफिस' म्हणजे पीडीओ होऊ शकतो. त्याला परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाही. नावावरूनच लक्षात येते त्याप्रमाणे ही कल्पना १९८०-९० च्या दशकांतील पिवळ्या पाटीच्या पीसीओ बूथवर बेतलेली आहे. ग्राहकाची ओळख पटवणे, हिशेब ठेवणे ही कामे पीडीओंना एकत्र जोडणाऱ्या नोंदणीकृत संस्था करतात, ग्राहक नोंदणीकृत अ‍ॅपद्वारे जवळचे हॉटस्पॉट शोधतो आणि या सर्वांची मध्यवर्ती नोंदवही सी-डॉट ही शासकीय संस्था सांभाळते. एकदा ओळख पटल्यावर दुसऱ्या दुकानातील हॉटस्पॉटवरही तेच खाते चालावे, असा या रचनेचा हेतू आहे.

पीएम-वाणीचे हॉटस्पॉट मोफत असतीलच असे नाही. अनेक ठिकाणी काही रुपयांची छोटी कूपने विकली जातात. योजनेचा प्रसार अपेक्षेच्या मानाने फारच कमी झाला. राष्ट्रीय डिजिटल संचार धोरण, २०१८ मध्ये २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटांचे लक्ष्य होते. पीएम-वाणीखालील संख्या २०२५ च्या मध्यास सुमारे ३ लाखांच्या घरात होती. पीडीओंना घरगुती जोडणीऐवजी महागडी व्यावसायिक जोडणी घ्यावी लागणे हा मुख्य अडसर असल्याचे ट्रायचे मत होते. म्हणून जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढून २०० मेगाबिट प्रतिसेकंदपर्यंतच्या जोडणीसाठी पीडीओंकडून घ्यावयाचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा अधिक असू नये, असे बंधन घातले.

सुरक्षितता

खुल्या हॉटस्पॉटवर प्रवेशबिंदू आणि उपकरण यांमधील संदेश सहसा सांकेतिक केलेले नसतात. बहुतेक संकेतस्थळे आता स्वतःच सांकेतिक पद्धतीने माहितीची देवाणघेवाण करत असल्याने पूर्वीइतका धोका उरलेला नाही, तरी कोणती संकेतस्थळे पाहिली हे जाळे चालवणाऱ्यास समजू शकते. अधिक गंभीर धोका नक्कल हॉटस्पॉटचा आहे. स्थानकाच्या किंवा हॉटेलच्या नावाशी मिळतेजुळते नाव देऊन कोणीही आपल्या मोबाइलवरून जाळे उभारू शकतो आणि बनावट प्रवेशपृष्ठावर माहिती मागू शकतो. खऱ्या प्रवेशपृष्ठाला मोबाइल क्रमांक व त्यावर आलेला संकेतांक एवढेच लागते. बँक खाते, आधार क्रमांक किंवा ई-मेलचा संकेतशब्द मागणारे पृष्ठ संशयास्पद समजावे. बँकेचे व्यवहार सार्वजनिक वाय-फायवर टाळून मोबाइल डेटावर करणे अधिक सुरक्षित असते. तसेच वापर संपल्यावर ते जाळे मोबाइलच्या स्मरणातून काढून न टाकल्यास, त्याच नावाचे दुसरे जाळे समोर येताच उपकरण त्याला आपोआप जोडले जाण्याची शक्यता राहते.