पंख्यावरची मैफल आणि कातड्याचा धनी

पुण्याच्या शनिवार पेठेत शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आजही उभा आहे. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या ह्या वाड्याचे महाल १८२८ च्या आगीत भस्मसात झाले. उरले तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन येतात, बाजीराव सांगतात, गणेश रंगमहालातले नाचगाणे सांगतात. परंतु ह्या नगारखान्यातल्या नगाऱ्यावर ताणलेले कातडे कोणी सोलले, कोणी कमावले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. विचारायचे कारणही त्यांना वाटत नाही. आम्हांला मात्र तो विचारणे भाग आहे.

हा प्रश्न एकट्या पुण्याचा नाही. तो जपानमध्ये अधिक उघडपणे दिसतो, कारण तिथे करमणुकीची चित्रे वाड्याच्या भिंतींवर अडकून पडली नाहीत. ती छापली गेली आणि सामान्य शहरवासीयांच्या हातात आली. आजच्या टोकियोचे जुने नाव एदो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ह्या शहरात लाकडी ठशांवरून रंगीत चित्रे छापण्याचा धंदा भरभराटीला आला. त्यातलाच एक प्रकार पंख्यावरच्या चित्रांचा. हातपंख्याच्या आकाराची चौकट आखून त्यात चित्र छापायचे, कडेने कापायचे आणि बांबूच्या काड्यांवर चिकटवायचे. उन्हाळा आला की माणसे असा पंखा विकत घेत, वारा घेत, फाटला की टाकून देत. म्हणून आज उरलेली अशी चित्रे बहुधा न कापलेली, व्यापाऱ्यांच्या नमुन्याच्या वह्यांत राहिलेली आहेत.

ह्या पंख्यांवर काय असे? नदीकाठची संध्याकाळ, नावेतली मैफल, मांडीवर शामिसेन हे तीनतारी वाद्य घेऊन बसलेली गेशा, रंगभूमीवरचे लोकप्रिय नट, आतषबाजी पाहणारी गर्दी. हिरोशिगे (१७९७–१८५८) आणि कुनिसादा (१७८६–१८६५) यांच्यासारख्या नामवंत चित्रकारांनी पंख्यांसाठी चित्रे काढली. सत्तेला ह्या मौजेची भीतीही वाटे. १८४२ साली राज्यकर्त्यांनी नट आणि गणिका यांची चित्रे छापण्यास बंदी घातली, ती याच भीतीतून.

चित्रावर चित्रकाराची सही ठळक असते, प्रकाशकाचे चिन्ह असते, तपासनिसाचा शिक्काही असतो. चेरीच्या फळीवर केसासारख्या बारीक रेषा कोरणारा कारागीर आणि एकेका रंगाचा ठसा जागच्या जागी उठवणारा छापणारा यांची नावे क्वचितच आढळतात. पण ह्यांच्याही खाली आणखी एक थर आहे, आणि तो तर चित्राच्या कागदातच मुरलेला आहे.

शामिसेनच्या तुंब्यावर मांजराचे किंवा कुत्र्याचे कातडे ताणलेले असते. छपाईच्या कागदाला रंग फुटू नये म्हणून तुरटी आणि सरस यांचा हात दिला जाई. काळी शाई म्हणजे काजळी आणि सरस. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा अर्क. गेशाच्या मुखाची ती नाजूक काळी रेषा कागदावर टिकते, ती कातड्याच्या जोरावर. आणि जपानमध्ये मेलेल्या जनावराला हात लावण्याचे, कातडे कमावण्याचे काम कोणाचे? ‘एता’ म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांचे. त्यांची वस्ती वेगळी, लग्नसंबंध वेगळे, धंदा जन्माने ठरलेला. वाचकहो, हे वर्णन ओळखीचे वाटते ना?

एदोत ह्या समाजावर दान्झाएमोन हे पद धारण करणारा वंशपरंपरागत मुखिया नेमलेला होता. त्याचे ठाणे आसाकुसा भागात. योशिवारा ही गणिकांची बंदिस्त वस्ती १६५७ च्या आगीनंतर त्याच बाजूला हलवली गेली. गरीब घरांतल्या मुली कर्जापोटी तिथे विकल्या जात. १८४२ च्या सुमारास नाटकगृहेही त्याच भागात हुसकावली गेली. शहराला कातडे हवे होते, गाणे हवे होते, बाई हवी होती. ही माणसे मात्र शहराच्या कडेलाच बरी होती.

इथे एक कडवट गोष्ट सांगितली पाहिजे. खेळ करणाऱ्या कलावंतांवरही दान्झाएमोन आपला अधिकार सांगे. १७०८ साली बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या एका कलावंताच्या दाव्यात निकाल दान्झाएमोनच्या विरुद्ध गेला. नटमंडळींना तो आपल्या सुटकेचा निकाल वाटला. त्याच्या हकिकतीला नाव पडले ‘विजयाचा पंखा’. हा विजय कोणावर? जन्माचा विटाळ लादणाऱ्या व्यवस्थेवर नव्हे. तो आपल्याहून एक पायरी खाली उभ्या असलेल्या माणसावर होता. श्रेणीबद्ध विषमता अशीच जगते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. प्रत्येकाला वरच्याचा राग असतो आणि खालच्यापासून सुटण्यातच मोठेपणा वाटतो.

आता पुण्याकडे परत येऊ. १७९० च्या दशकात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा भरली. तिथे तयार झालेल्या गंगाराम तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. आडनावच धंदा सांगते. पुण्यातही कला कारागिराच्या हातातून आली. परंतु ही चित्रे साहेबांच्या संग्रहात गेली. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली आणि छापील चित्र घराघरांत पोचले, तेव्हा भिंतीवर चढले ते रामपंचायतन आणि नाना फडणीस.

एदोत पंख्याने जे केले ते आपल्याकडे लावणीने केले. शहरी मौजेचे चित्र कागदावर नाही, शब्दांत आणि ढोलकीवर उमटले. होनाजी गवळी, त्याचा साथीदार बाळा शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. ज्या पुण्यात सरदारांच्या दिवाणखान्यात मैफली रंगत आणि बावनखणीत कलावंतिणींचे चाळ वाजत, त्याच पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले आहे. मेलेले ढोर ओढायचे महाराने, कातडे कमावायचे ढोराने, हलगी वाजवायची मांगाने. त्या कातड्याचा नाद दिवाणखान्यात शिरे, माणूस मात्र वेशीबाहेर राही. नादाला विटाळ नव्हता!

पुढे तमाशाच्या फडावरही तेच. पठ्ठे बापूराव जन्माने कुलकर्णी. त्यांच्या लावण्यांना ज्या पवळाने रूप दिले ती संगमनेरकडच्या हिवरगावची महाराची लेक. बापूराव ‘शाहीर’ झाले. पवळा लोकांच्या तोंडी ‘बापूरावांची पवळा’ राहिली. महाडच्या लढ्यासाठी बापूरावांनी देऊ केलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. आमच्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा आमच्या मुक्तीला चालणार नाही, असा त्या नकाराचा अर्थ.

मग ढोलकी फेकून द्यायची काय? आपल्या कार्यकर्त्यांत हा वाद जुना आहे. हलगी म्हणजे गुलामीची खूण, ती टाका, असे म्हणणाऱ्यांची वेदना खोटी नाही. पण चळवळीने दुसरेही उत्तर दिले आहे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचाच साचा, पण शृंगाराच्या जागी शिक्षण, संघटना आणि स्वाभिमान. कातडे तेच राहिले, त्याचा धनी बदलला.

जपानमध्ये १८७१ च्या फर्मानाने ‘एता’ हे नाव कायद्यातून गेले, मनातून गेले नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्या समाजाने सुइहेइशा ही समतेची संघटना स्थापन केली. जनावरांची कातडी सोलण्याचे मोल म्हणून आमचीच कातडी सोलली गेली, असे त्यांच्या जाहीरनाम्याने ठणकावले, आणि तरीही आपण कोण आहोत हे अभिमानाने सांगितले. पाचच वर्षांनी महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस टाकून देण्याची हाक दिली. दोघांनी एकमेकांना पाहिले नव्हते. वेदना मात्र एकाच कातडीची होती.

हे पंखे आज जगातील संग्रहालयांत काचेआड जपले जातात. त्यांचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. सौंदर्याचा द्वेष करणे हे आमचे काम नव्हे. पण पुन्हा कधी विद्यार्थ्यांना घेऊन दिल्ली दरवाजापाशी उभे राहाल, तेव्हा नगारखान्याकडे बोट दाखवून एवढेच विचारा: हा नगारा वाजत होता, तेव्हा त्याचे कातडे कमावणारा कुठे उभा होता? मुले उत्तर शोधू लागतील. आपला इतिहास तिथून सुरू होतो.