विवाहाची संहिता आणि तिचे वाचक

विवाहाचा अर्थ न्यायालयाने ठरवावा की विधिमंडळाने, हा प्रश्न समलिंगी विवाहाच्या संदर्भात आज पुन्हा उपस्थित झाला आहे. जुन्या सातारा जिल्ह्याच्या इतिहासात त्याची एक पूर्वपीठिका आढळते. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना विवाह लावले. पुढे प्रतिसरकारच्या काळात (१९४३-४६) विटे ज्या खानापूर तालुक्यात येते त्या टापूत हुंडा, मानपान व खर्च वगळून ‘गांधी विवाह’ झाले. विवाहसंहितेचे कर्तेपण येथे समाजाने स्वतःकडे घेतले होते. त्यासाठी कोणत्याही सत्तेच्या अनुज्ञेची वाट पाहिली नव्हती.

परंतु अशा कृतीचा अधिकृत वाचक वेगळाच असतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीप्रमाणे होणारे विधी मान्य केले. तथापि महाराष्ट्रातील ‘गांधर्व’ पद्धतीच्या विवाहासंबंधीच्या लोखंडे खटल्यात (१९६५) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की पाचसात वर्षांत स्वीकारलेला बदल ही रूढी नव्हे. सुधारणेचे नवेपण हाच तिचा कायदेशीर दोष ठरला.

मद्रासमध्ये याच्या पुढची पायरी दिसते. तेथील उच्च न्यायालयाने १९५३ मध्ये पुरोहितरहित स्वाभिमान विवाह अवैध ठरविला. १९६७ मध्ये विधिमंडळाने असे विवाह, पूर्वी झालेल्यांसह, वैध केले. मात्र त्या वर्षी त्या चळवळीचा वारसा सांगणारा पक्षच सत्तेवर आला होता, हे येथे विसरून चालत नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा निर्णय संसदेवर सोपविला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातील ‘पुरुष’ व ‘स्त्री’ या शब्दांचे नवे वाचन करणे म्हणजे कायदाच नव्याने लिहिणे होय, ही त्यामागील भूमिका. ती वरवर संयमाची आहे. परंतु वाचक आणि लेखक यांच्यातील ही विभागणी तटस्थ नाही. संसदेत अर्थ संख्येने ठरतो, आणि हा समूह संख्येने नेहमीच अल्प राहणार. तैवानमध्ये २०१७ साली न्यायालयाने विधिमंडळाला दोन वर्षांची मुदत दिली. २०१९ मध्ये कायदा झाला. तेथे वाचकाने लेखकाला लिहिण्यास बांधले. भारतीय निकालात अशी मुदत नाही. बहुमत नसलेल्यांना बहुमताकडे पाठविणे हाही एक निर्णयच होय.