'समीकरण' : एका पारिभाषिक शब्दाचा प्रवास

भिंगार येथील एका शाळेत विज्ञानाच्या तासाला बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास मध्यंतरी आला. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने पाणी बनते, हे फळ्यावर सूत्ररूपाने मांडलेले होते. ऑक्सिजनचे अणू डावीकडे दोन, उजवीकडे एक. एका विद्यार्थिनीने पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनचा दुसरा अणू घातला. हिशेब जुळला, पण पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड झाले! शिक्षकांनी हरकत घेताच ती म्हणाली, "सर, समीकरण म्हणजे सारखं करणंच ना?"

ह्या प्रश्नाचे उत्तर शब्दाच्या इतिहासातही शोधावे लागते. 'समीकरण' हा मुळात बीजगणिताचा शब्द. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त (इ. स. ११५०) 'एकवर्णसमीकरण' असे प्रकरणच आहे. त्यातील दीर्घ ईकार ही पाणिनीने (५.४.५०) सांगितलेल्या च्वि-प्रत्ययाची खूण : जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे. अर्थात् व्युत्पत्तीने 'समीकरण' ही क्रिया होय, तयार वस्तू नव्हे. आणि 'समीकरण संतुलित करणे' हा आपला रूढ प्रयोग जवळजवळ द्विरुक्तच ठरतो. व्याकरणाच्या बाजूने मुलगी निर्दोष होती.

परंतु सम काय करावयाचे, हे तो शब्द सांगत नाही. १७८९ च्या आपल्या ग्रंथात लव्हाझ्ये यांनी द्राक्षरसाच्या किण्वनाला बीजगणिती समीकरणाची उपमा दिली, ती वजनाच्या आधारावर : आधी जेवढे द्रव्य तेवढेच नंतर. बर्झीलियस यांची अक्षरचिन्हे त्यानंतरची, १८१३-१४ मधील. सूत्र हे पदार्थाचे नाव आहे. ते बदलले की पदार्थच बदलतो. मोकळीक आहे ती केवळ सूत्राच्या आधी लिहावयाच्या संख्येपुरती.

मराठीत बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) प्रभृतींनी रसायनशास्त्र लिहिले, तरी परिभाषा अद्याप एकविध नाही. मराठी विश्वकोश 'विक्रिया' लिहितो, तर २०१८ चे दहावीचे पाठ्यपुस्तक 'अभिक्रिया'. आमच्या मते 'विक्रिया'च अधिक बोलका. त्यात विकार, म्हणजे पालट, ऐकू येतो.

लोकभाषेला हा पालट पूर्वीपासून ठाऊक होता. कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो तापतो, फुटतो, 'विरतो'; विरीच्या चुन्यावरचे स्वच्छ पाणी ती 'निवळी'. क्रिया शब्दांत पुरती उतरली आहे. उतरले नाही ते मान. ५६ भार कळीच्या चुन्याला १८ भार पाणी लागते आणि ७४ भार विरीचा चुना मिळतो, हे 'विरणे' सांगत नाही. तेवढ्यासाठी समीकरणच हवे.

शिक्षकांनी फळ्यावर हे चुन्याचे आकडे मांडले आणि मग खडू मुलीच्या हाती दिला. तिने पाण्याचे सूत्र पूर्ववत् केले, त्याच्याआधी २ लिहिला, क्षणभर थांबून हायड्रोजनच्याही आधी २ लिहिला. ऑक्सिजनला काहीच लावावे लागले नाही.