मण : एक माप, एक टोपली आणि एक गफलत

मंडळी, गेल्या वेळी आपण गावांच्या नावांबद्दल बोललो. आज एकच शब्द घेऊ. परभणीच्या मोंढ्यात, मानवतच्या नाहीतर सेलूच्या बाजारात म्हातारी माणसं अजून सहज बोलून जातात, "यंदा तूर किती मण झाली?" काटा क्विंटलचा असतो, पावती क्विंटलची असते, पण तोंडात मण असतो.

आता इंग्रजीतलं मणाचं रूप बघू. इंग्रज लिहितात 'मॉन्ड'. जुन्या इंग्रजी कोशात हा शब्द शोधला तर पहिला अर्थ निघतो टोपली! डच भाषेत आजही टोपलीला 'मांड' म्हणतात, त्याच घराण्यातला हा शब्द. शेक्सपियरच्या नावावर 1609 साली छापलेल्या 'अ लव्हर्स कम्प्लेंट' या कवितेत तो टोपली याच अर्थाने आला आहे. दुसरा अर्थ भीक मागणे. हा भुरट्या-भिकाऱ्यांच्या गुप्त बोलीतला. तो फ्रेंचमधून आला की रोमानी लोकांच्या 'मंग' या धातूवरून, यावर एकमत नाही. रोमानी ही मुळात आपल्याकडूनच तिकडे गेलेली भाषा, आणि तिचा 'मंग' म्हणजे आपलं 'मागणं'. तिसरा अर्थ आपला मण.

मग आपला मण टोपलीतून निघाला का? नाही. इथेच गफलत होते. मणाचं कूळ फार जुनं आहे. मेसोपोटेमियात 'मना' नावाचं वजन होतं, सुमारे अर्ध्या किलोचं. ग्रीकांनी त्याचं 'म्ना' केलं, अरबांनी 'मन्न'. ऋग्वेदात सोन्याच्या संदर्भात आलेला 'मना' हा शब्दही याच कुळातला, असं अनेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले आणि त्यांनी या वजनाला 'मांव' म्हटलं. त्यांच्या भाषेत याच शब्दाचा अर्थ हात असाही होतो. इंग्रजांनी तो पोर्तुगिजांकडून उचलला आणि घरच्या टोपलीच्या शब्दासारखा करून घेतला. 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात हा प्रवास नोंदलेला आहे.

अशीच एक फसगत तिकडेही झाली. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारला इंग्रज 'मॉन्डी थर्सडे' म्हणतात. त्या दिवशी इंग्लंडचा राजा आपल्या वयाच्या वर्षांइतक्या पुरुषांना आणि तितक्याच स्त्रियांना खास नाणी वाटतो. दान आलं म्हणून लोकांनी त्याचा संबंध टोपलीशी जोडला. पण तो शब्द लॅटिन 'मांदातुम', म्हणजे आज्ञा, यावरून आला. 'एकमेकांवर प्रेम करा' ही येशूची त्या रात्रीची आज्ञा. म्हणून आम्ही नेहमी सांगतो, आवाज सारखा म्हणून सोयरीक जुळवू नका.

पण मंडळी, ही नुसती शब्दांची गंमत नाही. एक मण म्हणजे किती, हा पोटाचा प्रश्न होता. बंगालचा सरकारी मण 40 शेरांचा, आजच्या हिशेबाने 37.3 किलोंचा. मुंबईचा मण 28 पौंडांचा, म्हणजे 12.7 किलोंचा. मद्रासचा 25 पौंडांचा, 11.3 किलोंचा. शब्द एकच, माल तिप्पट! आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. इकडे 120 शेरांचा पल्लाही चाले. शिवाय धान्य पुष्कळदा तोलत नसत, मापत. चार शेरांची पायली. पण मणाला पायल्या किती, हे गावागणिक बदले. शीग लावून माप भरायचं की सपाट, हे ज्याच्या हातात माप तो ठरवी. देणाऱ्याचं माप वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं, आणि वर कडता. शेतकरी हिशेबात नव्हे, शब्दात नागवला जाई.

1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. 1956 साली वजनमापांचा देशव्यापी कायदा झाला, आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला शेर-मण कागदावरून गेले. त्यांच्या जागी आला क्विंटल. तोही इंग्रजांचा नाही बरं का! लॅटिनमधल्या शंभराच्या शब्दाचं अरबांनी 'किंतार' केलं, तेच युरोपात परतून क्विंटल झालं.

आणि मण खरंच गेला का? रुईचा भाव आजही खंडीवर निघतो. कापसाची खंडी 356 किलोंची. असा अवघड आकडा का? मुंबईच्या 28 पौंडी मणाचे 28 मण करा : 784 पौंड, म्हणजे 355.6 किलो. परभणीच्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव ज्या आकड्यावर हलतो, त्याच्या पोटात मुंबईचा जुना मण अजून बसलेला आहे.

तेव्हा घरी गेल्यावर आजोबांना एवढंच विचारा, "तुमचा मण किती शेरांचा होता?" शेजारच्या गावच्या आजोबांनाही विचारा. दोन उत्तरं वेगळी आली, तर दोन्ही लिहून ठेवा. दोन्ही खरी असतील.